द्राक्षाच्या मीटरवर मामाची साखर

"वाढली! आरं वाढली, दुप्पट झाली!"

मामा बागेच्या बांधावर उभा राहून ओरडत होता. एक डोळा घट्ट मिटलेला, दुसऱ्याला मीटरची नळी लावलेली आणि नळीचं तोंड उगवत्या सूर्याकडे. मामाचं ओरडणं म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याचं ओरडणं नव्हे. नारायणगावच्या मळ्यातून त्याने मामीला चहासाठी हाक मारली की आळेफाट्याच्या हॉटेलात दोन कप जास्त टाकतात, आणि ओझरचा विघ्नहर, ज्याचे कान जात्याच मोठे, तो कान मिटून घेतो. हे मी कमी करून सांगतोय. मामाकडच्या गोष्टी आहेत तशा सांगितल्या तर लोकांचा विश्वास बसत नाही.

त्या सकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये द्राक्षाचा व्यापारी चहा पीत बसला होता. गेले काही दिवस तो रोज यायचा, चार मणी तोंडात टाकायचा, "शुगर बसली न्हाई अजून" असं म्हणून तोंड वाकडं करायचा आणि निघून जायचा. आता दुप्पट झाल्याची आरोळी ऐकून तो कप तसाच ठेवून धावला. त्याच्या मागे मी. मी मंचरहून आदल्याच दिवशी आलो होतो. बाग काढणीला आली की मामा भाच्याला बोलावतोच. काम करायला नव्हे, काम किती जोरात चाललंय ते बघायला आणि मंचरला जाऊन सांगायला.

ज्यांच्याकडे बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हा मीटर म्हणजे एक वीतभर नळी. टोकाला तिरपी काच असते, तिच्यावर मण्याचा रस पिळायचा, झाकण टाकायचं आणि उजेडाकडे धरून आत बघायचं. निळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या मधे एक रेघ दिसते. ती ज्या आकड्यावर असेल ती साखर. आमच्याकडचं काळं जंबो द्राक्ष अठराच्या वर गेलं की बाग काढायची.

व्यापाऱ्याने मामाच्या हातातून मीटर ओढून घेतला, आत बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"सात? भाऊ, सात म्हंजे लिंबू झालं की राव."

मामा म्हणाला की आठवड्यामागे साडेतीन होती. व्यापाऱ्याने मान हलवली, काचेवरचा थेंब अंगठ्याने पुसला आणि जन्माच्या सवयीप्रमाणे अंगठा तोंडात घातला.

"पावणं," मामा म्हणाला, "ते द्राक्षाचं न्हाई."

"मग कशाचं?"

"माझं."

त्यानंतर व्यापारी ठिबकच्या टाकीपाशी चुळा भरत बसला तो ऊन वर येईपर्यंत. त्या दिवशी विहिरीचं पाणी हातभर खाली गेलं असं मामा सांगतो. मी वीतभर म्हणेन. मला अतिशयोक्ती आवडत नाही.

मामाला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो त्याला आजार मानत नव्हता. त्याच्या मते तो गुण होता. द्राक्षात साखर नसली तर व्यापारी शिव्या देतो आणि माणसात असली तर डॉक्टर शिव्या देतो, हे त्याला कधीच पटलं नाही. तपासणीच्या लॅबवरही त्याचा भरवसा नव्हता. तिथे दंडातून रक्त काढतात, पडद्यामागे घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद देतात; मधे काय झालं ते आपल्याला दिसत नाही. मीटरचं तसं नाही. आपला थेंब, आपला सूर्य, आपला डोळा. म्हणून रोज पहाटे, द्राक्षाची साखर बघायच्या आधी, तो स्वतःची बघायचा. रक्ताची नव्हे, सुई टोचून घ्यायला तो भ्यायचा. जे आपोआप आणि फुकट मिळतं त्याची. मामीने त्यासाठी झाकण तडकलेला जुना मीटर वेगळा काढून दिला होता, पण मामाच्या हाताला येईल तो मीटर मामाचा.

"मी साडेतीनवर आन् द्राक्ष अठरावर," तो सांगायचा. "म्हंजे मी अजून कच्चा हाय. देव कच्चा माल काढत न्हाई."

हा हिशेब काही वर्षं सुखाने चालला. मग मामीला दिसलं की मामा मोरीतून बाहेर आला की मागे फेस राहतो, साबण वापरल्यासारखा, आणि मामा तर साबणाच्या बाबतीत फार काटकसरी. संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उठायला लागले. मामाने मोज्यांची कंपनी बदलली. मामीने मात्र हा फेस आधी बघितला होता. तिच्या थोरल्या भावाचं, घोडेगावकडच्या, असंच सुरू झालं होतं. आता त्याला दिवसाआड डायलिसिसच्या मशीनला जोडतात, आणि त्याच्या हाताची शीर दोरखंडासारखी वर आली आहे. राखीपौर्णिमेला त्या हातावर राखी बांधताना गाठ कुठे मारायची ते तिला कळत नाही, असं ती मला एकदा म्हणाली होती. तेवढंच म्हणाली होती.

तिनेच मामाला नारायणगावात आठवड्यातून एकदा येणाऱ्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सांगितलं की मूत्रपिंडाच्या गाळण्यांना वण पडायला लागले आहेत, त्यातून रक्तातलं प्रथिन गळतंय, तोच फेस. सुरुवात आहे. आत्ता थांबवलं तर थांबेल, नाहीतर पुढचा रस्ता मामीला माहीत होताच. बाईंनी साखरेचं जुनं औषध चालू ठेवलं आणि त्यात एक नवी गोळी घातली. मामाने ती आठवडाभर इमानदारीने घेतली, आणि आठव्या सकाळी बांधावर उभा राहून ओरडला.

तर त्या सातचा अर्थ मामाच्या लेखी स्पष्ट होता. गोळीनेच साखर वाढते. आधी वाढवायची आणि मग कमी करायचं औषध विकायचं. त्याने गोळ्यांची पट्टी खिशातून काढली आणि मांडवाच्या तारेला बांधली. बागेत पाखरं येऊ नयेत म्हणून चमकत्या पट्ट्या बांधलेल्या असतात, त्यांच्या रांगेत. निदान पाखरांना तरी गुण येईल, असं म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तर तो मामा कसला. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात त्याने हा शोध जाहीर केला, तिथून वडापच्या जीपमध्ये, तिथून फाट्यावरच्या गॅरेजमध्ये. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत बांधावर माणसं उभी. प्रत्येकाच्या हातात बाटली. पलीकडच्या माळावर मेंढरं घेऊन बसलेला धनगर मेंढ्याचं घेऊन आला होता, कारण मेंढा अलीकडे सुस्त दिसत होता. मामाने कोणाला नाही म्हटलं नाही. एकेकाचा थेंब काचेवर, डोळा नळीला, आणि निकाल ओरडून. खासगीत सांगण्याइतका लहान आवाज त्याच्याकडे नव्हताच. कोणाच्या मूत्राचा काय आकडा हे त्या आठवड्यात अर्ध्या जुन्नर तालुक्याला पाठ झालं. मेंढा पाच निघाला. मामाने त्याला गूळ बंद करायला सांगितला.

एका दुपारी मामीने तारेची पट्टी सोडली, पदराने पुसली आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

"माझं आयकत न्हाईत," ती म्हणाली. "तू भाचा हायेस. तू माग."

आमच्याकडे भाच्याने काही मागितलं तर मामाने नाही म्हणायचं नसतं. लहानपणी मी या नियमाचा भरपूर फायदा घेतला होता. सायकल, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, एकदा तर मामाच्याच लग्नातला कोट. या वेळी मी मागितलं की मामा, माझ्याबरोबर एकदा डॉक्टरांकडे चल. मामाने माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा मी अख्खी बाग मागितली असती तर बरं झालं असतं. पण उठला. टोपी घातली. मीटर घेतला, आणि सकाळची बाटली पिशवीत.

दवाखान्यात तो आत शिरला तो वकिलासारखा. मीटर टेबलावर ठेवला, बाटली त्याच्या शेजारी, आणि बाजू मांडायला सुरुवात केली. बाहेर बसलेल्या पेशंटांना आत यावंच लागलं नाही; सगळा खटला त्यांना जागेवर ऐकू येत होता. गोळी घेतली तेव्हा सात, गोळी बंद केली तर पुन्हा साडेतीन, आजचीच हाय, तुमच्या डोळ्यांनी बघा, बाई, ह्यात कागद न्हाई, कंपनी न्हाई, आमी शेतकरी अडाणी असू पर आंधळं न्हाई. टेबलावरचं प्लास्टिकचं मूत्रपिंड थरथरत होतं. ते पंख्यानेही थरथरत असेल, पण मला तसं वाटत नाही.

बाई हळू बोलणाऱ्या. इतक्या हळू, की त्यांचं ऐकायला मामाला गप्प बसावं लागायचं. हाच त्यांचा उपचार असावा असा माझा संशय आहे. त्यांनी हातमोजे घातले, थेंब काचेवर टाकला, मीटर ट्यूबलाइटकडे धरला आणि रेघ नेमकी कुठे वाचायची ते मामाला विचारलं. मामाने मोठ्या प्रेमाने शिकवलं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "साडेतीन. म्हणजे आता ती साखर बाहेर पडत नाही."

"मंग? तेच सांगतोय मी."

"बाहेर पडत नाही, म्हणजे ती परत आत जाते."

मामाचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. बाईंनी ती संधी साधली. त्यांनी काय सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांचे शब्द निम्मे मला ऐकूच आले नाहीत.

रक्त गाळणीतून खाली उतरतं तेव्हा त्यातली साखरही खाली पडते. पुढे एक नळी असते. त्या नळीच्या भिंतीतल्या पेशी ती पडलेली साखर वेचून पुन्हा रक्तात टाकतात, काढणीनंतर बाया मांडवाखाली गळालेले मणी वेचतात तशी. सांडलेलं वाया जाऊ द्यायचं नाही. साधारण माणसात हे शहाणपण आहे. मधुमेह्यात साखरच इतकी सांडते की वेचणाऱ्या पेशी वेचून वेचून सुजतात. आणि त्रासलेली पेशी गप्प बसत नाही. ती एक संदेश सोडते: इथे मोडतोड झाली, दुरुस्तीला या. शेजारच्या पेशीच्या दाराला तो संदेश लागला की तिच्या आत हातोहात निरोप जातो, थेट जिथून हुकूम निघतात तिथपर्यंत, आणि तीही तसाच संदेश पुढे सोडते. ज्यांचं काम दुरुस्तीचं त्या पेशी येतात आणि धागे विणायला लागतात. तुमच्या बोटाला कोयता लागला तर जखम भरून आणणारे हेच धागे. एरवी जखम भरली की थांबा असा निरोप येतो. पण साखर रोजच चढलेली, त्रास रोजचा, म्हणून ओरडणं रोजचं, आणि विणणं थांबत नाही. जिथे जखम नाही तिथेही धागे बसतात. गाळणीची भोकं बुजतात. तो वण.

"म्हंजे बिबट्या," मामा म्हणाला.

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं, आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळलं.

कारण आमच्या मळ्यात असंच झालं होतं. एका संध्याकाळी उसाच्या कडेला कोणीतरी बिबट्या बघितला. मामाने आरोळी दिली. पुढच्या वस्तीने मामाची आरोळी ऐकून आपली दिली, त्यांची ऐकून त्यापुढच्यांनी. डबे वाजले, फटाके फुटले, आंबेगावच्या हद्दीपर्यंत लोकांनी दारं लावून घेतली, आणि तिकडून उलटा फोन आला की तुमच्याकडे सावध राहा, इकडे फार गडबड आहे. दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या वस्तीला तारेचं कुंपण घालायला लागला. मग पुन्हा कोणीतरी ओरडला, कुत्रं होतं की वासरू ते कोणी बघितलं नाही, आणि कुंपणाबाहेर दुसरं कुंपण आलं, त्याला बाभळीच्या काटेरी फांद्या आल्या. बिबट्या आला ही आरोळी सगळे देतात. बिबट्या गेला अशी आरोळी आजवर कोणीही दिलेली नाही. आता बिबट्या येतो तो कुंपणावरून उडी मारून येतो, आणि अडकतो तो द्राक्षाचा पिकअप. मागच्या हंगामात मामाच्या बागेतले क्रेट बायांनी डोक्यावरून सडकेपर्यंत नेले.

हे सगळं मामाने बाईंना सांगितलं, डबे वाजवून दाखवण्यासकट. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्या हसल्या.

"तुमच्या मूत्रपिंडात हेच चाललंय. ही गोळी वेचणाऱ्यांचे हात बांधते. सांडलेली साखर लघवीतून निघून जाते. म्हणून तुमच्या मीटरवर सात दिसले. पेशींचा त्रास कमी होतो, आरोळ्या कमी होतात."

"आन् कुंपण? जुनं झालेलं?"

"ते निघत नाही. नवं पडू नये म्हणून गोळी."

मामा खाली बघत राहिला. खोलीत पंख्याचा आवाज यायला लागला, तो आधीपासूनच येत असणार. मामा सलग किती वेळ गप्प होता ते मी सांगत नाही, जुन्नर तालुक्यात कोणी खरं मानणार नाही. मग त्याने माझ्यापुढे हात केला, माझ्याकडे न बघता. मी खिशातली पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. बाईंनी ती मधेच घेतली, उन्हात टांगलेली होती असं मी सांगितल्यावर कचऱ्यात टाकली आणि नवी लिहून दिली.

बांधावरचा दवाखाना बंद झाला. बंद म्हणजे, मामाने तिथेच उभं राहून जाहीर केलं की आधी सांगितलेलं सगळं उलटं धरा, आणि सगळे लॅबमध्ये जा, रक्त द्या, भिऊ नका, मी दिलं. मेंढ्याचा गूळ मात्र बंदच राहिला. स्वतःच्या बाबतीत मामा आता इतका कडक झाला की काढणीच्या दिवसांत त्याने मणी चाखायला माणूस ठेवला. पायांची सूज उतरली. फेस कमी झाला असं मामा म्हणायचा, मामी त्याच्या मागोमाग मोरीत जाऊन बघून यायची.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होती. मामा नवा सदरा घालून आला होता. या वेळी मामीही होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मामाची खात्री होती की बाई उठून उभ्या राहतील आणि म्हणतील, भाऊ, मूत्रपिंड नवं कोरं झालं. नारळसुद्धा आणला होता. बाईंनी आधीचा रिपोर्ट काढला, आत्ताचा शेजारी ठेवला, दोन्ही बघितले आणि म्हणाल्या की मागच्या वेळी होतं तसंच आहे. गळती तेवढीच, वण तेवढेच. वाढलं नाही. फार चांगलं आहे.

मामी डोळे मिटून बसली. तिने पिशवीवरची पकड सोडली, एवढंच मला दिसलं.

मामा मात्र बाहेर येऊन बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर उभा राहिला आणि त्याचा बांध फुटला. हा न्याय म्हणायचा का, त्याने विचारलं. गुलाबजाम सोडला, पुरणपोळी सोडली, स्वतःच्या बागेचा मणी परक्याच्या तोंडात घातला, सुया टोचून घेतल्या, ज्या डॉक्टरांच्या नावानं गाव गोळा केलं त्यांच्याच नावानं पुन्हा गाव गोळा करून माफी मागितली, आणि एवढं सगळं करून गडी होता तिथंच? मागं न्हाई, फुडं न्हाई? द्राक्षाच्या वेलीला एवढं घातलं असतं तर तिनं दोन बहार दिले असते. दारातल्या शिकाऊ नर्सने कानांवर हात ठेवले. सडकेवर एका एसटीने ब्रेक लावला. तिचा थांबा तिथे नाही.

"म्हंजे जिथं हाय तिथंच ऱ्हायाला," मामा मामीकडे वळून ओरडला, "आता जलमभर रोज गोळी खायाची?"

मामीने वाकून चपला सरळ केल्या आणि त्यांत पाय घातले.

"खायाची," ती म्हणाली.